मोनालिसाच्या हातांना गाठ बसते का?

सर, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. शहाद्याकडच्या शाळेत तुम्ही चित्रकला शिकवता. आठवीच्या वर्गात बोत्तिचेल्लीच्या ‘वसंत’ या चित्राची मोठी प्रत लावलीत. त्यात हात गुंफून नाचणाऱ्या तिघींकडे बघून एका मुलीने विचारलं, “सर, ह्यांनी हात न सोडता लांब लांब जायचं ठरवलं, तर गाठ बसेल का?” मग तुम्हाला कळलं की गणितात गाठींचं एक शास्त्रच आहे. पण तुमच्या शाळेतल्या गणिताच्या सरांचं म्हणणं पडलं की चित्र सपाट असतं, कापडावर रंग असतो, त्यात गाठ कुठून येणार, उगाच मुलांचा गोंधळ करू नका. बरोबर कोण, आणि यातून वर्गात खेळता येईल असं काही निघेल का, असं तुम्ही विचारलंय.

मी अमळनेरची. 21 वर्षं कॉलेजात गणित शिकवलं, टोपोलॉजी, म्हणजे वस्तू ताणली-वाकवली तरी तिचं काय बदलत नाही हे बघणारं गणित, हा माझा आवडीचा विषय. गेली बरीच वर्षं उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना चित्रांतल्या गाठी शोधायला लावते. त्या अनुभवावरून सांगते, की तुम्ही दोघंही बरोबर आहात आणि खेळ तर नक्कीच निघतो. मात्र तुमच्या प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न आहे, तो आधी बाहेर काढू. चित्रकार आपल्याला एकाच बाजूने दाखवतो. हात कुणाच्या तरी पाठीमागे जातो, माळ मानेमागे जाते, पदर कमरेमागे जातो. तो झाकलेला भाग कसा जोडायचा हे आपण ठरवतो, आणि गाठ आहे की नाही हे बहुतेक वेळा त्या ठरवण्यावरच अवलंबून असतं. म्हणून माझ्या वर्गात एकच नियम आहे: झाकलेलं काय धरलंय ते आधी मोठ्याने बोलायचं, मग गाठ मोजायची. हा नियम पाळला तर गणिताच्या सरांची तक्रार उरत नाही, कारण मग आपण चित्राबद्दल खोटं काही सांगत नाही.

आता गाठ म्हणजे काय ते बघू. आमचे वडील शेतकरी. दावं बांधताना, केळीला टेकू देताना ते दोन शब्द वापरायचे, निरगाठ आणि सुरगाठ. निरगाठ ओढली की आवळते. सुरगाठीचं टोक ओढलं की सगळी सुटते. गणिताला हा भेद फार प्रिय आहे, पण गणित आणखी एक अट घालतं: दोरीची दोन्ही टोकं एकमेकांना जोडलेली पाहिजेत. कारण टोक मोकळं असेल तर कितीही वाईट निरगाठ वेळ देऊन सोडवता येते, टोक आल्या वाटेने मागे काढत न्यायचं. टोकं जोडून टाकली की ती पळवाट बंद होते. मग दोरी न कापता तिची साधी गोल कडी करता आली, तर गाठ नव्हतीच. नाही करता आली, तर गाठ आहे. या कसोटीवर सुरगाठ बाद होते. ती मारून टोकं जोडा, मधला फासा ओढून घ्या, हातात साधी कडी राहते. मुलांना हे सुतळीवर करून दाखवा. ‘नुसती दिसणारी गाठ’ आणि ‘असलेली गाठ’ यातला फरक त्यांना तिथेच कळतो, आणि चित्रं बघताना नेमका तोच लागतो.

म्हणजे चित्रात आधी बंद कडी शोधायची. मुलं साप पहिल्यांदा पकडतात. सापांनी वेढलेल्या लाओकून या ग्रीक कथेतल्या पुजाऱ्याचं एल ग्रेकोने चित्र काढलंय, त्यात साप आहेत, आणि ते बघितलं की वर्गात “गाठ! गाठ!” असा गलका होतोच. पण सापाला तोंड आहे आणि शेपूट आहे, दोन्ही मोकळी. त्याने स्वतःची शेपटी तोंडात धरली तरच तो आपल्या कामाचा. मायकेलँजेलोने सिस्टिन चॅपेलच्या छतावर आदमचं बोट आणि ईश्वराचं बोट यांच्यात बोटभरही नसेल एवढी फट ठेवली, आणि त्या फटीमुळे ती दोरी उघडीच राहिली. मातिसच्या ‘नृत्य’ या 1910 च्या चित्रात पाच जण फेर धरतात, पण समोरच्या दोघांचे हात एकमेकांपर्यंत पोचत नाहीत. एका सुट्टीत आठ वर्षांची एक मुलगी त्या फटीवर बोट ठेवून म्हणाली होती, “मॅडम, हाई तर उघडंच शे!” चित्राबद्दल लिहिणारे ज्या फटीवर इतकं बोलतात, ती तिने गाठ शोधता शोधता पकडली. वारली चित्रातला तारपा नाचही असाच. तारपा वाजवणाऱ्याभोवती वळत गेलेली माणसांची साखळी, शेवट मोकळा. तुमच्या मुलांनी अक्कलकुव्याकडच्या काठी गावची राजवाडी होळी पाहिली असेल, तर कुठला फेर बंद असतो आणि कुठला उघडा, हे ती तुम्हाला सांगतील.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे. ‘वसंत’मधल्या तिघी खरोखर बंद कडी करतात. पहिलीचा एक हात दुसरीच्या हातात, दुसरीचा तिसरीच्या, तिसरीचा पुन्हा पहिलीच्या. हातातून खांद्यात, खांद्यातून दुसऱ्या हातात असं बोट फिरवत गेलं की आपण निघालो तिथेच परत येतो. पण कडी बंद असली म्हणजे गाठ असतेच असं नाही. गाठ बसायला कडीने स्वतःला ओलांडलं पाहिजे, म्हणजे एक भाग दुसऱ्याच्या वरून गेला पाहिजे. अशा जागेला आम्ही वर्गात फुली म्हणतो. आणि तीनपेक्षा कमी फुल्यांत कधीच गाठ बसत नाही. एका फुलीची कडी म्हणजे नुसता पीळ, तो उलटा फिरवला की गेला. दोन फुल्यांचीही हीच गत. माझ्या मोजणीत त्या तिघींची कडी कितीही सुंदर वळली असली तरी साधीच आहे. तेव्हा तिला सांगा, त्या लांब गेल्या तर मोठा गोल फेर होईल, गाठ बसणार नाही. पण तुम्ही वर्गात तीन मुली उभ्या करून त्याच हात धरण्यात थोडा बदल केलात, एकीला दुसरीच्या काखेखालून वाकायला लावलंत, तर काय होतं ते त्यांनाच शोधू द्या.

अशाच तिघींचं रफाएलने केलेलं छोटं चित्र ‘वसंत’च्या शेजारी ठेवून बघा. तिथेही तिघी आहेत, पण हातात हात नाहीत. एकमेकींच्या खांद्यांवर हात आहेत आणि प्रत्येकीच्या हातात एक फळ. आता खांद्यावर ठेवलेला हात जोडलेला धरायचा की नाही? इथे कुठलंच एक उत्तर बरोबर नाही. धरला तर कड्या तयार होतात, नाही धरला तर सगळी टोकं मोकळी. मी वर्गात दोन गट पाडते, एक जोडलेलं धरणारा आणि एक मोकळं धरणारा, आणि दोघांनाही आपापल्या कराराप्रमाणे शेवटपर्यंत जायला लावते. मधेच करार बदलायचा नाही. या शिस्तीची मुलांना पुढे भूमितीत फार मदत होते, हे मी पाहिलंय.

मोनालिसा इथे हवीच, कारण तिच्यामुळेच माझ्याकडे हा खेळ सुरू झाला. तिचा उजवा हात डाव्या मनगटावर टेकलाय. हात, खांदे, छाती अशी कडी धरली तर फुली एकच. म्हणजे पीळ, गाठ नाही. पण तिला हाताची घडी घालायला लावली असती तर? सर, हे आत्ता करून बघा. टेबलावर रुमाल तिरका पिळून दोरीसारखा ठेवा. आधी हाताची घडी घाला, नेहमीसारखीच, एक पंजा दंडाच्या वर आणि दुसरा काखेत दडलेला. घडी न सोडता पुढे वाका, एका हाताने रुमालाचं एक टोक धरा, दुसऱ्या हाताने दुसरं. आता टोकं न सोडता घडी उघडा. रुमालाला गाठ बसलेली दिसेल. तुम्ही गाठ मारलीच नाही, मग आली कुठून? ती तुमच्या हातांच्या घडीत आधीपासून होती. रुमाल धरल्यावर हात, खांदे आणि रुमाल मिळून एक बंद कडी झाली आणि ती कडी गाठाळलेली होती. घडी उघडताना गाठ हातांतून सरकून रुमालात गेली. गाठ नाहीशी होत नाही, फक्त जागा बदलते.

ही जी गाठ बसते ती सगळ्यांत लहान खरी गाठ. तीन फुल्यांची, तीन पाकळ्यांसारखी दिसणारी. इंग्रजी पुस्तकांत तिला ट्रेफॉइल म्हणतात. माझी मुलं बेलाची गाठ म्हणतात, तेच मला आवडतं. हा प्रयोग केल्यापासून कुठल्याही व्यक्तिचित्रात हात कसे ठेवलेत याकडे मुलं आपोआप बघायला लागतात. नुसता हातावर हात आहे, की खरी घडी आहे? एक पंजा दिसतो की दोन? दुसरा दिसत नसेल तर तो कुठे गेला असेल? चित्रकलेच्या सरांना याहून जास्त काय हवं!

फ्रान्स हाल्सचं ‘हसरा सरदार’ म्हणून प्रसिद्ध असलेलं 1624 चं चित्र लंडनच्या वॉलेस संग्रहात आहे. त्यात तो माणूस कमरेवर हात ठेवून कोपर पुढे काढून उभा आहे. दंड, कोपर, पंजा आणि कंबर यांची एक कडी झाली, त्यातून दोर ओवता येईल अशी. गंमत म्हणजे त्या कोपराच्या बाहीवर जे भरतकाम आहे त्यात प्रेमिकांच्या गाठी म्हणून ओळखली जाणारी नक्षीही काढलेली आहे. म्हणजे एकाच बाहीवर काढलेली गाठ आणि बाहीने केलेली कडी, दोन्ही.

आता थोडं मोजू, कारण इथेच तुमच्या गणिताच्या सरांना ओढून घेता येईल. बेलाच्या गाठीची नुसती सावली काढा, कुठला भाग वर आणि कुठला खाली ते न दाखवता. तीन फुल्या मिळतील. प्रत्येक फुलीला दोन शक्यता, म्हणून एकूण 2 × 2 × 2 = 8 चित्रं. मुलांना आठही काढायला लावा, आठही सुतळीने करायला लावा. फक्त 2 मध्ये खरी गाठ बसते, जिथे दोरी आळीपाळीने वर-खाली-वर-खाली जाते. उरलेल्या 6 ओढल्या की मोकळ्या होतात. मुलांना वाटत असतं की गुंता दिसतोय म्हणजे गाठ असणार. ही आठ चित्रं त्यांचा तो समज मोडतात. चाळीसगावजवळ पाटणादेवीला एक शिलालेख आहे, भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ काढला अशी नोंद त्यात आहे. भास्कराचार्यांच्या लीलावतीतल्या शेवटच्या प्रकरणाचं नाव अंकपाश, आकडे किती रीतींनी मांडता येतात त्याबद्दलचं. पाश म्हणजे फासाच. शक्यता मोजताना मी हे नाव मुलांना सांगते. आपल्याच खानदेशात त्या मोजणीचं शिक्षण चालत होतं, हे ऐकून त्यांची मान ताठ होते.

त्या 2 गाठी एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमा आहेत, एक डावी आणि एक उजवी. डावीची उजवी काही केल्या होत नाही, हे माक्स डेनने 1914 मध्ये सिद्ध केलं. याचा आपल्या कामाशी सरळ संबंध आहे. मोबाइलवरून किंवा प्रोजेक्टरवरून चित्र दाखवताना ते कधी कधी डावं-उजवं उलटं होतं. असं माझ्याकडून एकदा झालं होतं, आणि ट्रेसिंग पेपरवर काढलेली गाठ मूळ छापील प्रतीशी जुळेना म्हणून मुलं अडली. तेव्हापासून मी आधी चित्रातली सही किंवा अक्षरं वाचता येतात का ते बघते.

पण “ओढल्यावर सुटली नाही” हा पुरावा नव्हे. कदाचित आपल्याला सोडवता आली नसेल. गाठ कुणालाच सुटणार नाही हे कसं सांगायचं? यासाठी एक रंगांची कसोटी आहे, आणि ती चित्रकलेच्या वर्गासाठीच केल्यासारखी आहे. तीन खडू घ्या: लाल, पिवळा, निळा. गाठीचं चित्र काढा, जिथे दोरी खालून जाते तिथे रेघ तोडा. त्यामुळे चित्राचे तुकडे पडतात. प्रत्येक तुकड्याला एक रंग द्या. अट अशी की प्रत्येक फुलीपाशी भेटणारे तीन तुकडे, वरचा एक आणि खालचे दोन, एकतर तिन्ही एकाच रंगाचे असावेत किंवा तिन्ही वेगवेगळ्या रंगांचे. दोन सारखे आणि एक वेगळा चालणार नाही. आणि पूर्ण चित्रात निदान दोन रंग तरी वापरलेले पाहिजेत. बेलाच्या गाठीचे तुकडे तीनच. एक लाल, एक पिवळा, एक निळा केला की प्रत्येक फुलीवर तिन्ही रंग भेटतात. झालं! साध्या कडीला मात्र एकच तुकडा, एकच रंग. आता दोरी हलवणं, पीळ देणं, एक भाग दुसऱ्यावरून सरकवणं हे सगळं तीनच प्रकारच्या हालचालींत मावतं, असं कुर्ट रायडेमायस्टर या जर्मन गणितज्ञाने 1927 मध्ये दाखवलं. त्या तिन्ही हालचालींनी रंगता येणारं चित्र रंगता येणारंच राहतं. म्हणून बेलाची गाठ साध्या कडीत कधीच बदलू शकत नाही. आठवीच्या मुलाला खडूने करता येणारी ही खरीखुरी सिद्धता आहे. मी जेवढ्या वेळा ती फळ्यावर केली, तेवढ्या वेळा मला आनंद झाला.

एक काळजी घ्या. कसोटी एकाच बाजूने बोलते. रंगता आली तर गाठ नक्की आहे, पण रंगता आली नाही तर गाठ नाही असं म्हणता येत नाही. चार फुल्यांची जी आठाच्या आकाराची गाठ असते ती या तीन रंगांत बसत नाही, तरी ती खरी गाठच आहे.

आता कड्या एकीत एक अडकण्याबद्दल, कारण चित्रांत गाठींपेक्षा हे जास्त सापडतं. ड्यूररने 1508 मध्ये काढलेले ‘प्रार्थनेचे हात’ तुम्ही पाहिले असतील, निळ्या कागदावरचे. दोन्ही तळवे जोडलेले, मनगटांवर बाह्यांच्या दुमडी. हात जोडल्यामुळे खांद्यापासून खांद्यापर्यंत कडी बंद झाली, आणि बाहीची प्रत्येक दुमड त्या कडीत अडकलेली दुसरी कडी. नमस्कार केलेल्या बाईच्या हातातली बांगडी हेच दाखवते: तळवे जोडलेले असेपर्यंत बांगडी निघणार नाही, ती शाबूत ठेवून. आपल्याकडच्या कुठल्याही चित्रात हे शोधता येतं, आणि मुलींना ते आधी दिसतं.

बोत्तिचेल्लीच्याच ‘पल्लास आणि सेंटॉर’ या चित्रात पल्लासच्या झग्यावर हिऱ्यांच्या अंगठ्या एकमेकींत गुंफलेल्या आहेत. ती फ्लोरेन्सच्या मेदिची घराण्याची खूण. इथे चित्रकाराने वर-खाली स्वतः दाखवलंय, आपल्याला कल्पना करायला नको. अशा तीन गोल कड्या एकमेकींवर ठेवल्या की 6 फुल्या होतात, म्हणून 64 शक्यता. त्यातल्या 56 मध्ये कुठल्या तरी दोन कड्या खरोखर एकमेकींत अडकतात. 6 मध्ये तिन्ही सुट्या होतात, एकीवर एक ठेवल्यासारख्या. आणि उरलेल्या 2 मध्ये अजब घडतं. कुठल्याही दोघी एकमेकींत अडकलेल्या नसतात, पण तिघी मिळून सुटत नाहीत! पहिली दुसरीच्या वर, दुसरी तिसरीच्या वर, तिसरी पहिलीच्या वर. इटलीतल्या बोरोमेओ घराण्याच्या चिन्हावरून त्यांना बोरोमिअन कड्या म्हणतात. रावेर-सावद्याकडच्या मुलांना मी केळीच्या खोक्याची आठवण देते: झाकणाची चार पानं एकेक करून आत-बाहेर खोचली की खोकं चिकटपट्टीशिवाय बंद राहतं. कोणतीच दोन पानं एकमेकांना धरत नाहीत, पण चौघं मिळून धरतात. झग्यावरच्या अंगठ्यांची मोठी प्रत काढून प्रत्येक फुलीवर वर-खाली लिहा आणि त्या 64 पैकी कुठल्या गटात बसतात ते मुलांना ठरवू द्या. उत्तर मी मुद्दाम देत नाही.

लिओनार्दोबद्दल थोडक्यात, कारण तिथे कल्पनेची गरजच पडत नाही. त्याला दोऱ्यांच्या गुंफणीचं वेड होतं. मिलानच्या किल्ल्यातल्या एका दालनाच्या छतावर त्याने झाडांच्या फांद्यांतून सोनेरी दोरी फिरवलीय, मोनालिसाच्या गळ्याच्या किनारीवरही वेटोळ्यांची नक्षी आहे, आणि त्याच्या नावाने निघालेली गुंफणीची गोल चित्रं पुढे ड्यूररने लाकडी ठशांत उतरवून घेतली. अशा नक्षीत दोरी नेमाने एकदा वरून, एकदा खालून जात असेल, आणि फुकटचा पीळ कुठे नसेल, तर त्या गाठीच्या फुल्या कमी करता येतच नाहीत. स्कॉटलंडच्या पीटर टेटचा हा एकोणिसाव्या शतकातला अंदाज. तो गाठींच्या याद्या करत बसला, कारण अणू म्हणजे ईथरमधल्या, म्हणजे तेव्हा सगळीकडे भरलेल्या मानल्या जाणाऱ्या एका माध्यमातल्या, भोवऱ्यांच्या गाठी असाव्यात असं केल्विन या शास्त्रज्ञाने 1867 मध्ये सुचवलं होतं. अणूंची कल्पना चुकली, याद्या मात्र उपयोगी ठरल्या, आणि टेटचा अंदाज 1987 मध्ये सिद्ध झाला. त्यामुळे अशा नक्षीचा एखादा तुकडा मुलांना द्या आणि एकच विचारा: ही एकच दोरी आहे की अनेक? खडूने एका ठिकाणाहून निघा, परत आलात की उरलेलं मोजा. तासभर वर्ग शांत बसतो.

शेवटी आपल्या जवळचं. जळगावहून अजिंठा साधारण साठ किलोमीटर. पहिल्या लेण्यात गाभाऱ्याच्या डावीकडचा पद्मपाणी, उजव्या हातात निळं कमळ. त्याच्या गळ्यात मोत्यांचा हार आहे आणि खांद्यावरून तिरकी उतरणारी मोत्यांची सर. दोन्ही अंगामागे जातात, म्हणजे झाकलेल्या भागाचा करार करावाच लागतो. मी असं धरते की दोन्ही पाठीमागे साधेपणाने जुळतात. हा करार केला की एक छान नियम हाताशी येतो: दोन वेगवेगळ्या बंद कड्या एकमेकींना नेहमी सम संख्येनेच ओलांडतात, 0, 2, 4 अशा. म्हणून एखाद्या चित्रात दोन माळांच्या दिसणाऱ्या फुल्या विषम आल्या, तर निदान एक फुली अंगामागे लपलेली आहे हे आपण न बघता सांगू शकतो. चित्र सपाट आहे हे गणिताच्या सरांचं म्हणणं खरंच आहे, पण त्या सपाट चित्रातून मागच्या बाजूबद्दल एवढं नक्की सांगता येतं. हे त्यांना जरूर सांगा, आणि बरोबर घेऊन जा. सतराव्या लेण्यातल्या उडणाऱ्या अप्सरेच्या माळा तिरक्या झुलताना दाखवल्यात, गती कळावी म्हणून. त्याही मोजण्यासारख्या आहेत. पहिल्या लेण्यात एका खांबावर चार हरणांना मिळून एकच डोकं कोरलंय. ते गाठीत मोडत नाही, पण ‘हे डोकं कुणाचं धरायचं’ हा करार तिथेही करावा लागतो, म्हणून मी मुलांना तिथे नेतेच.

सुरुवात कशी करायची, असं तुम्ही शेवटी विचारलं होतं. पहिल्या तासाला चित्र लावूच नका. सुतळी, निरगाठ, सुरगाठ आणि रुमालाचा प्रयोग एवढंच. दुसऱ्या तासाला आठ सावल्या आणि तीन खडू. तिसऱ्या तासाला चित्रं, आणि त्याबरोबर प्रत्येक गटाची वही, जिच्यात पहिल्या ओळीला “आम्ही असं धरलं:” लिहिलेलंच पाहिजे. सहा-सात मुलांना गोलात उभं करून डोळे मिटून कुणाचेही हात धरायला लावायचा खेळ शनिवारी मैदानावर घ्या. बहुतेक वेळा ती सुटून फेर होतो, कधी दोन कड्या अडकून राहतात, कधी खरी गाठ निघते. निघाली तर सोडवा म्हणून मागे लागू नका, आधी कुणाचा हात कुणाच्या वर आहे ते वहीत काढून घ्या. अजिंठ्याला जाल तेव्हा एवढं लक्षात ठेवा की लेणी सोमवारी बंद असतात, फर्दापूरला गाडी ठेवून तिथल्या बसने वर जावं लागतं, आणि आत उजेड कमी असतो. डोळे सरावायला पाच मिनिटं द्या, मग मुलांना मोत्यांची सर दाखवा.